ढगाखालच्या शेताचा पंचनामा

पिकांचे नकाशे करणाऱ्या माझ्यासारखीला जुलै-ऑगस्ट नकोसा होतो. सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी आपल्या शिवारावरून जाते, दहा मीटरपर्यंतचा तपशील देते, तोही फुकट. पण सांगली-कोल्हापूरकडे भर पावसाळ्यात हाती येतो तो पांढराफेक पडदा. अख्खा खरीप त्याखाली.

मध्यंतरी एका कंपनीच्या माणसाने डीप लर्निंगने ढग काढलेलं चित्र दाखवलं. बांधन् बांध स्वच्छ. मी विचारलं, ‘यातले पाहिलेले ठिपके किती आणि भरलेले किती?’ तो खुशीत म्हणाला, ‘मॅडम, फरक कळतच नाही!’

माझी हरकत नेमकी तिथेच आहे. विरळ ढगातून थोडाफार प्रकाश तरी कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. दाट ढगाखालचं काहीच पोचत नाही. तिथे मॉडेल अंदाजाने रंग भरतं. एकाच जागेची ढगाळ आणि निरभ्र चित्रं हजारोंनी दाखवून त्याला तयार केलेलं असतं. म्युनिकच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्याला सेंटिनेल-१ च्या रडारची जोड दिली. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात, त्यामुळे अंदाजाला आधार मिळाला. पण रडारला रंग दिसत नाही. सोयाबीन हिरवं की पिवळं पडलेलं, हे मॉडेल पूर्वी पाहिलेल्या शेतांवरूनच ठरवतं. त्याचा कल नेहमीच्या चित्राकडे. नुकसान तर नेहमीसारखं नसतंच.

ऑगस्ट २०१९ चा शिरोळचा महापूर घ्या. नुसती आधीची चित्रं पाहून ढगाखालचे ठिपके भरले असते, तर पाण्यातला ऊस हिरवागार दिसला असता. उघडं, संथ पाणी रडारमध्ये काळं उमटतं. उंच उसात शिरलेलं मात्र त्यालाही सहज सापडत नाही. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या निसार या रडार-उपग्रहाची लांब लहर पिकात अधिक खोल शिरते. सरकारने खर्च करायचाच तर अशा मोजमापावर करावा.

कुठे कोणतं पीक आहे, एवढंच पाहायचं असेल तर भरलेली चित्रं खुशाल वापरा, मीही वापरते. पंचनाम्यात आणि पीकविम्यात मात्र भरलेला प्रत्येक ठिपका वेगळ्या रंगात दाखवणं सक्तीचं हवं. प्रत्येक ठिपक्यामागे अंदाजाची खात्री किती, हे सांगणारी मॉडेल्स आता आहेत. सबब चालणार नाही. आणि शेतकऱ्यांनो, दावा नाकारताना कुणी असा नकाशा पुढे केला, तर त्याची तारीख विचारा आणि त्याच दिवसाचं मूळ, ढगाळ चित्र मागून घ्या.