फुप्फुसांची परीक्षा आणि तारखेची नोंद

आपल्या प्रशासनाला एक जुना रोग जडलेला आहे. प्रश्न नोंदीचा असतो आणि उत्तर मात्र खरेदीचे दिले जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विषय निघाला की, जन्मापूर्वी गर्भाच्या फुप्फुसांची पक्वता तपासण्याची सोय जिल्हा रुग्णालयांत करावी, अशी सूचना कोणीतरी करतोच. हेतू चांगला असला तरी या सूचनेस माझा स्पष्ट विरोध आहे.

या चाचणीचे ऐतिहासिक श्रेय मी नाकारीत नाही. श्वास सोडताना फुप्फुसांतील वायुकोश मिटून जाऊ नयेत, यासाठी त्यांना आतून सर्फॅक्टंट नावाच्या द्रव्याचा लेप लागतो. त्याच्या अभावी अकाली जन्मलेली बाळे गुदमरतात, हे एव्हरी व मीड यांनी १९५९ साली दाखवले. १९७१ साली ग्लक यांनी गर्भजलातील लेसिथिन व स्फिंगोमायेलिन यांच्या प्रमाणावरून पक्वता ओळखण्याची रीत दिली. हे प्रमाण दोनास एक झाले की फुप्फुसे तयार झाली, असे मानले जाई. सोनोग्राफी दुर्मीळ होती तेव्हा या परीक्षेचे मोल मोठे होते.

आज ते उरलेले नाही. गर्भजल काढण्यासाठी मातेच्या पोटातून सुई घालावी लागते आणि एवढे करूनही उत्तर मिळते ते एकाच अवयवाचे. फुप्फुसे पक्व ठरल्यावर ३६ ते ३८ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांनाही, पूर्ण ३९ आठवडे गर्भात राहिलेल्या बाळांहून अधिक त्रास झाला, असे २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. प्रसूतीची वेळ ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असेच आता तेथील प्रसूतितज्ज्ञांची संघटना सांगते. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. मुहूर्त पाहून सिझेरियन करवून घेणारी कुटुंबेही आपल्यातलीच आहेत. अशा ठिकाणी 'पक्व' हा शेरा म्हणजे घाईला मिळालेला परवानाच ठरेल.

मग करावे काय? गर्भाचे वय निश्चित ठाऊक असावे, एवढेच. त्याचे महत्त्व दोन प्रयोगांनी शिकवले. नागपूर व बेळगाव परिसरासह सहा देशांत झालेल्या एका प्रयोगात, अकाली प्रसूतीचा संभव दिसताच गावपातळीवरही स्टेरॉईडचे इंजेक्शन देण्यात आले. २०१५ साली निष्कर्ष आले, तेव्हा नवजात मृत्यू एकंदरीत वाढल्याचे दिसले. इंजेक्शन मिळालेल्या अनेक मातांचे दिवस प्रत्यक्षात भरत आलेले होते. उलट, जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने वय ठरवून डेक्सामेथासोन दिले, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०२० चे. दोन्हीकडे औषधांची जात एकच होती. फरक पडला तो वयाच्या खात्रीने आणि रुग्णालयातील शुश्रूषेने.

वयाची ही खात्री पहिल्या तिमाहीतच स्वस्तात मिळते. तेव्हाच्या सोनोग्राफीत चूक जेमतेम आठवड्याची असते, अखेरच्या तिमाहीत ती तीन आठवड्यांपर्यंत जाते. असे असता, दरमहा ९ तारखेला मोफत तपासणी देणारी २०१६ ची केंद्रीय योजना आखली गेली ती दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीसाठी! विहीर आटल्यावर पोहरा देण्यासारखेच हे झाले.

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिल्या तिमाहीतील एक सोनोग्राफी प्रत्येक गर्भवतीस हक्काने मिळावी. प्रसूतीची तारीख कशावरून ठरवली, हे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिणे सक्तीचे व्हावे. आणि ३९ आठवड्यांपूर्वीच्या प्रत्येक नियोजित सिझेरियनचे वैद्यकीय कारण लेखी नोंदवले जावे.

परप्रांतीच्या मराठी वाचकांना एक विनंती. आपल्या लेकी-सुना इंदूर, सुरत वा बंगळूरमध्ये दिवस काढतात आणि बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी येतात. चोळीबांगडी सोबत येते, पहिल्या सोनोग्राफीचा कागद मात्र कपाटातच राहतो. मग माहेरच्या डॉक्टरने वयाचा अंदाज बांधायचा तो कशावर? तो कागद ओटीत घालून पाठवा. सुईने काढलेल्या गर्भजलापेक्षा तोच बाळाविषयी अधिक खरे सांगेल.