विश्लेषण : टाकाऊ पिशवीची पर्स महाग का?

कॅरीबॅग फुकटची, मग तिच्यापासून केलेली पर्स महाग कशी? पुण्यातील ‘रिचरखा’, ‘इकोकारी’ यांच्या वस्तू पाहताना हा प्रश्न पडतोच.

कापड कसे बनते?
पिशव्या आणि वेफर्सची पाकिटे धुऊन, वाळवून रंगाप्रमाणे निवडतात. हाताने लांब पट्ट्या कापून त्या चरख्यावर गुंडाळतात, मग हातमागावर विणतात. ताणा धाग्याचा, बाणा प्लास्टिकचा. काहीही वितळवत नाहीत, म्हणून मूळ रंग तसेच दिसतात. कच्चा माल जवळपास फुकट. किंमत आहे ती हातांच्या कामाची. ती घासाघीस करून कमी करायची, तर कपात कारागिराच्याच मजुरीत होणार.

बंदी असूनही माल मिळतो?
राज्यात २०१८ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे, तरी भाजीबाजारात त्या दिसतातच. कारखान्यात भरलेली पाकिटे तर बंदीतून वगळलेली. ही बहुपदरी पाकिटे भंगारवाला सहसा घेत नाही. पण ओल्या कचऱ्यात लडबडलेले पाकीट कारागिरालाही नकोच. धुण्यातच वेळ आणि पाणी जाते. घरातच वेगळे ठेवलेले कोरडे प्लास्टिक त्याला हवे.

एक शंका मात्र रास्त आहे. पर्स फाटल्यावर काय? धागा आणि प्लास्टिक एकत्र विणलेले असल्याने तिचा पुनर्वापर आणखी अवघड होतो.