पहिला घोट कोणाच्या परवानगीने?

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयात दाखल होतो, काही वेळाने पाणी मागतो. उशाशी बसलेले नातेवाईक मायेपोटी दोन चमचे पाणी पाजतात, रक्तदाबाची नेहमीची गोळीही देतात. मात्र हाच घोट त्याच्या जिवावर बेतू शकतो.

पक्षाघातात हातपायांप्रमाणेच गिळण्याची क्रियाही दुबळी होते. पाणी किंवा अन्न श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया उद्भवतो. अनेक अभ्यासांच्या २००५ मधील आढाव्यानुसार, तपासणीच्या पद्धतीप्रमाणे ३७ ते ७८ टक्के रुग्णांत हा दोष आढळला. त्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे तिपटीने अधिक होता. काहींना ठसकाही लागत नाही. त्यामुळे 'खोकला आला नाही, म्हणजे नीट गिळले' हा समज फसवा ठरतो.

यावरील प्राथमिक तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. रुग्ण पुरेसा जागा आहे का, ताठ बसू शकतो का, हे प्रशिक्षित परिचारिका पाहते. मग थोडे पाणी देऊन खोकला येतो का, आवाज ओलसर किंवा घोगरा होतो का, याची नोंद घेते. शंका आल्यास तोंडाने अन्न, पाणी, गोळी, सारे थांबवून तज्ज्ञांना पाचारण केले जाते.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील १९ पक्षाघात कक्षांत याचा कस लागला. ताप, रक्तशर्करा आणि गिळणे या तिन्हींवर परिचारिकांनी ठरावीक पद्धतीने लक्ष ठेवले. 'लॅन्सेट'मध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ९० दिवसांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व ओढवलेल्यांचे प्रमाण तेथे ४२ टक्के, तर इतर कक्षांत ५८ टक्के होते. हे श्रेय तिन्ही उपायांचे एकत्रित आहे. तरीही या कक्षांत गिळण्याची तपासणी झालेले रुग्ण ४६ टक्केच होते. अन्यत्र अवघे ७ टक्के. शिस्त अंगी बाणणे किती अवघड, हेही त्यातून दिसते.

आपल्याकडे गिळण्याच्या दोषांचे तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. रात्री रुग्णाजवळ असते ती परिचारिकाच, आणि भरवण्याचे काम बहुधा नातेवाइकांकडे. म्हणूनच परिचारिकेला प्रशिक्षणाबरोबर 'तपासणीपूर्वी काहीही देऊ नका' असे बजावण्याचा अधिकार हवा. केसपेपरवर त्यासाठी रकाना आणि खाटेवर सूचनेची पाटी हवी. अर्थात, एकाच परिचारिकेवर अख्ख्या वॉर्डाचा भार असेल, तर हा रकाना कोराच राहील.