महागाई पासपोर्ट पाहत नाही

चेन्नईच्या मैलापुरात भावा-बहिणीने 2005-06 मध्ये 40 लाखांना घेतलेला, भाड्याने दिलेला फ्लॅट 2025-26 मध्ये एक कोटीला विकला, असे समजा. महागाई निर्देशांक 117 वरून 376 वर गेल्याने मूळ किंमत आजच्या हिशेबात सुमारे 128 लाख होते. म्हणजे खरा नफा शून्य. चेन्नईतल्या भावाला निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्याय आहे, त्यामुळे त्याला कर नाही. न्यू जर्सीतल्या अनिवासी बहिणीला मात्र आपल्या निम्म्या वाट्याच्या 30 लाखांच्या कागदी नफ्यावर 12.5 टक्क्यांनी पावणेचार लाख भरावे लागतात, उपकर वेगळाच. 23 जुलै 2024 पूर्वीच्या मालमत्तेची ही सवलत फक्त निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना मिळते.

दर कमी केलाच आहे, असे सरकार म्हणेल. भाव झपाट्याने चढले असतील तिथे तो फायद्याचा आहेही. पण भाव महागाईच्या मागे रखडले, तिथे हा कर नफ्यावर नव्हे, मुद्दलावर बसतो. दुसरे घर घेऊन करमाफी मिळवा, हा सल्ला ज्याला पैसाच हवा आहे त्याच्या काय कामाचा? अर्थमंत्र्यांनी निर्देशांकाचा पर्याय अनिवासींनाही द्यावा.