डिस्चार्जनंतर काय?

मनोरुग्णालयात बरे झालेल्या काही जणांना महाराष्ट्रात भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याची बाब २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली. हा प्रकार ताबडतोब थांबवा, असे न्यायालयाने राज्याला बजावले. ही माणसे भीक मागत नव्हती आणि सगळी वृद्धही नव्हती. तरीही त्यांना तिथे पाठवले गेले, कारण आजार आटोक्यात आलेल्या माणसाने राहावे अशी दुसरी जागा सरकारकडे जवळजवळ नव्हती. हे असे का झाले, हे कळण्यासाठी आधी आजाराकडे पाहावे लागेल.

गंभीर मानसिक आजार म्हणजे मुख्यत्वे स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता), बायपोलर आजार आणि वास्तवाचे भान सुटेल इतके तीव्र नैराश्य. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात अशा आजारांचे प्रमाण प्रौढांमध्ये ०.८ टक्के आढळले. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण तेच प्रमाण इथे धरले तरी संख्या काही लाखांवर जाते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत इतकी माणसे मावणार नाहीत आणि त्यांनी तिथे राहण्याची गरजही नाही. त्यांतली बहुतेक घरीच आहेत, बहुधा वय झालेल्या आईवडिलांबरोबर.

औषधे काय करतात आणि काय करत नाहीत, हा यातला कळीचा मुद्दा आहे. स्किझोफ्रेनियात कानात आवाज येणे, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे ठामपणे वाटणे, ही लक्षणे गोळ्यांनी बहुतेकांच्या बाबतीत कमी होतात. पण या आजाराची दुसरी बाजू अशी आवाजी नसते. उत्साह आटतो, बोलणे कमी होते, आंघोळ करण्याचीही इच्छा उरत नाही, लक्ष टिकत नाही. डॉक्टर यांना ‘निगेटिव्ह सिम्प्टम्स’, म्हणजे ऋण लक्षणे, म्हणतात. त्यांच्यावर गोळ्यांचा फारसा परिणाम होत नाही. घरच्यांना मात्र हा आळस वाटतो. आवाज थांबले, आता हा कामाला का लागत नाही, असा प्रश्न घरात रोज विचारला जातो.

त्यात गोळ्यांचा स्वतःचा त्रास असतो. वजन वाढते, हात थरथरतात, दिवसभर झोप येते. बरे वाटू लागले की माणूस गोळ्या बंद करतो. काही आठवडे किंवा महिने बरे जातात आणि मग आजार उलटतो. घरातल्या बोलण्याचाही यात वाटा असतो. रुग्णालयातून घरी गेलेल्या पुरुषांचा माग जॉर्ज ब्राउन या संशोधकाने लंडनमध्ये १९५०च्या दशकापासून घेतला. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा अतिकाळजी होती, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले. पुढे अनेक देशांत हाच निष्कर्ष आला. यावरून कुटुंबाला दोषी ठरवणे चूक आहे. वीस वर्षे रात्रंदिवस एका आजाराशी झुंजणाऱ्या आईचा आवाज कधीतरी चढणारच. तिला आजार नीट समजावून सांगणारे आणि अधूनमधून तिचा भार हलका करणारे कोणी हवे, इतकाच त्याचा अर्थ.

कायद्याने हे सारे मान्य केले आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १९ सांगते, की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही मानसिक आरोग्य आस्थापनेत ठेवता येणार नाही. कलम १८ नुसार सरकारने द्यायच्या सेवांत हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्यामधले निवासस्थान), आधारासह निवास आणि घरी येऊन केले जाणारे पुनर्वसन यांचा समावेश आहे. कलमांची भाषा इतकी नेमकी आहे, की अंमलबजावणी न होण्याचे खापर तिच्यावर फोडता येत नाही.

प्रत्यक्षात जिल्ह्याला काय मिळते? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाची ओपीडी आणि तालुक्याच्या ठिकाणी अधूनमधून शिबिरे सुरू झाली, आणि औषधे घराच्या बरीच जवळ आली. हा फायदा लहान नाही. पण ओपीडीत डॉक्टरांना फक्त आलेला रुग्ण दिसतो. गोळ्या सोडून खोलीचे दार लावून बसलेला माणूस ओपीडीत येत नाही, आणि तो का आला नाही हे पाहायला त्याच्या घरी जाणारे या व्यवस्थेत बहुधा कोणी नसते.

असे कोणी नेमले तर काय होते, याची नीट चाचणी भारतातच झाली आहे. डॉ. सुदीप्तो चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी गोवा, सातारा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवर हा अभ्यास केला. २०१४ मध्ये तो ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठी टाकावी तशी यादृच्छिक विभागणी करून ९५ जणांना नेहमीचे रुग्णालयीन उपचार दिले गेले. १८७ जणांना त्याच उपचारांबरोबर घरी येणारा एक कार्यकर्ता मिळाला. हे कार्यकर्ते डॉक्टर किंवा मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. ते त्याच भागातले होते, प्रशिक्षण घेतलेले होते आणि त्यांच्या कामावर तज्ज्ञांची देखरेख होती. घरी बसून आजार समजावणे, गोळ्यांचा त्रास होत असेल तर तो डॉक्टरांपर्यंत पोचवणे, दिवसाचा क्रम पुन्हा बसवणे, कामधंद्याकडे वळवणे, सरकारी योजनेचा अर्ज भरायला मदत करणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते.

वर्षभरानंतर कार्यकर्ता मिळालेल्या गटात लक्षणे आणि अपंगत्व दोन्ही अधिक घटलेली दिसली. फरक माफक होता आणि संशोधकांनी तो माफक असल्याचेच लिहिले. सर्वाधिक लाभ कांचीपुरमच्या ग्रामीण भागात झाला. जिथे आधी सेवा कमी, तिथे अशा कार्यकर्त्याचा उपयोग जास्त, असा त्याचा अर्थ लागतो. पण सांभाळ करणाऱ्यांवरचा बोजा आणि समाजाकडून होणारी अवहेलना यांत फरक पडला नाही. या पद्धतीचे पाठीराखे हा भाग सहसा गाळतात. आम्हाला तोच महत्त्वाचा वाटतो. महिन्यातून काही वेळा घरी येणारा कार्यकर्ता आजारी माणसाला हात देऊ शकतो, पण उरलेले सगळे दिवस त्या आईचेच असतात. दिवसभर जाऊन बसता येईल असे केंद्र आणि चार दिवस सुटका देणारी निवासाची सोय यांची जागा तो कार्यकर्ता घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रात ही सोय मुख्यतः स्वयंसेवी संस्थांनी उभी केली. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच होते, आणि या आजाराची मराठी घरांत उघड चर्चा व्हायला त्या चित्रपटाची मदत झाली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेने पुनर्वसनासाठी ‘त्रिदल’ चालवले. या वर्तुळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. हे काम चांगले आहे, पण ते पुण्या-ठाण्याच्या पोचेत असलेल्यांना मिळते. हिंगोलीच्या किंवा गडचिरोलीच्या शुभंकराला त्याचा उपयोग होत नाही.

ज्यांना घरच उरलेले नाही, त्यांचा प्रश्न वेगळा. सरकारी मनोरुग्णालयांच्या २०१९ मधील एका देशव्यापी पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक निवासी वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ तिथेच असल्याचे आढळले. १९९३ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या ‘द बॅनियन’ या संस्थेने ‘होम अगेन’ उपक्रमात अशा स्त्रियांसाठी साध्या वस्तीत घरे भाड्याने घेतली. एका घरात चार-पाच जणी, त्यांचे स्वतःचे स्वयंपाकघर आणि गरजेप्रमाणे मदतनीस. वर्षानुवर्षे वॉर्डात राहिलेल्या स्त्रियाही बाजारहाट करू लागल्या, शेजारी ओळखू लागल्या.

अमेरिकेचा अनुभवही इथे लक्षात ठेवायला हवा. तिथे १९६३ च्या कायद्याने समाजातील मानसिक आरोग्य केंद्रांचे आश्वासन दिले आणि मोठी मनोरुग्णालये झपाट्याने रिकामी झाली. ठरलेली केंद्रे मात्र पुरेशा संख्येने उभी राहिली नाहीत. पुष्कळ माणसे रस्त्यावर आणि तुरुंगात पोचली. तेव्हा येरवड्याला कुलूप लावा, अशी मागणी आज करणे धोक्याचे ठरेल.

आमच्या मते क्रम उलटा हवा. आधी प्रत्येक तालुक्यात मानसिक आरोग्याचा पगारी कार्यकर्ता नेमावा. हे काम आशाताईंच्या आधीच लांबलेल्या यादीत आणखी एक ओळ म्हणून टाकू नये. जिल्ह्याला निदान एक दिवस-केंद्र असावे. चारही मनोरुग्णालयांच्या परिसरात भाड्याची घरे घेऊन तिथल्या दीर्घकालीन निवाशांना त्यांच्या संमतीने हलवायला सुरुवात करावी. कार्यकर्त्याचा पगार, केंद्राचे भाडे आणि मदतनीसाचे मानधन हे खर्च दरवर्षी येणारे आहेत. इमारतीसारखे त्यांचे एकदाच उद्घाटन करून मोकळे होता येत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते मागे पडतात. येत्या अर्थसंकल्पात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या मागण्या येतील तेव्हा या तीन खर्चांसाठी स्वतंत्र तरतूद किती आहे, हा प्रश्न आमदारांनी सभागृहात विचारावा.