पडून असलेली जमीन सरकारने परत घ्यावी, पण द्यावी कुणाला?



सरकारी कंपनीसाठी घेतलेली जमीन वर्षानुवर्षं पडून असेल तर सरकारने ती परत घ्यावी का? माझं उत्तर सरळ आहे, घ्यावी. पण नंतर ती कुणाच्या हातात जाते, हा प्रश्न तुमच्या-आमच्या धंद्याचा आहे.

आपल्याच राज्याचं उदाहरण बघा. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याखाली खासगी साखर कारखान्यांकडची हजारो एकर जमीन सरकारने घेतली. ती कसायला १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ काढलं. पुढे महामंडळ तोट्यात गेलं आणि बरीच जमीन पडीक राहिली. ज्यांनी मुळात ती कारखान्यांना खंडाने दिली होती, ते खंडकरी शेतकरी मोर्चे काढत आणि कोर्टकचेऱ्या करत राहिले. प्रत्यक्ष वाटप सुरू व्हायला २०१२ साल उजाडलं. जवळजवळ पन्नास वर्षं गेली! उरलेल्यातली काही जमीन राहाता तालुक्यात औद्योगिक वसाहतीसाठी एमआयडीसीकडे गेली.

आता कायदा काय म्हणतो? २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ नुसार, या कायद्याखाली घेतलेली जमीन ताबा घेतल्यापासून ५ वर्षं वापराविना राहिली, तर ती मूळ मालकाला किंवा वारसांना, किंवा सरकारच्या लँड बँकेत परत जाते. सगळी मेख त्या ‘किंवा’मध्ये आहे. १८९४ च्या जुन्या कायद्याने घेतलेल्या जमिनीबद्दल तर सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं, की जादा जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरा, नाहीतर जाहीर लिलाव करा. मूळ मालकाला परस्पर विकू नका.

लिलाव पारदर्शक असतो, मान्य. पण पन्नास एकरांचा एकच तुकडा लिलावात काढला, तर तिथे बोली कोण लावणार? मसाल्याची गिरणी टाकणारी ताई की फॅब्रिकेशनचं शेड शोधणारा पोरगा? दोघंही नाहीत. म्हणून माझं मत असं: कायद्यात बसेल तिथे आधी मूळ शेतकऱ्याला विचारा. उरलेल्या जमिनीचे लहान प्लॉट पाडा, भाड्याचे गाळे बांधा आणि त्यातला ठरावीक हिस्सा नवउद्योजकांसाठी राखून ठेवा.

आता थोडं आपल्याबद्दल. एमआयडीसीचा प्लॉट घेतला की ठरलेल्या मुदतीत बांधकाम करून उत्पादन सुरू करावं लागतं. नाही जमलं तर मुदतवाढीचे पैसे भरा, आणि तरीही नाही जमलं तर प्लॉट परत जाऊ शकतो. हा नियम मला योग्यच वाटतो. “घेऊन ठेवू, भाव वाढेल” हा जमिनीचा सट्टा झाला, उद्योग नव्हे.

म्हणून अर्ज करण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा: बांधकामाचा खर्च, मशिनरीचा खर्च आणि किमान सहा महिन्यांचं खेळतं भांडवल. हे तिन्ही जुळत नसतील तर आधी भाड्याचा गाळा घ्या. सगळा पैसा जमिनीत अडकला तर कच्चा माल कशाने आणणार?

पाच गुंठेवाल्याला मुदत आहे, तर पाचशे एकरवाल्या सरकारी कंपनीलाही हवी. ही मागणी आपण करूया, पण आपला प्लॉट रिकामा न ठेवता.