दोन दिवस त्रिनिदादचे

लेक-जावई अमेरिकेत असले की आईवडिलांची एक तरी फेरी तिकडे होते. आपल्या मुळगाव-डिचोली भागातही आता यात नवल राहिलेले नाही. तिकिटावर एवढा पैसा घातलाच आहे तर जवळचे एखादे बेटही पाहून यावे, असा विचार मग डोके वर काढतो. आमच्या वाड्यावरच्या एका घरी सध्या हीच चर्चा चालू आहे. काका निवृत्त शिक्षक, सत्तरीला टेकलेले. त्यांना कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदादची राजधानी, पोर्ट ऑफ स्पेन, बघायची आहे. काकींचा सवाल एकच, "तिथे आपले काय आहे?"

काकांचे उत्तर तयार असते: दिलीप सरदेसाई. मडगावला जन्मलेल्या या फलंदाजाने मार्च १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर ११२ धावा केल्या. सुनील गावसकरांनी पहिल्याच कसोटीत ६५ आणि नाबाद ६७ धावा काढल्या आणि अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. त्या वेळी रेडिओला कान लावून बसलेल्या पिढीला ते मैदान डोळ्यांनी पाहावेसे वाटले तर त्यात वावगे काय?

पण काकींसाठीही तिथे पुष्कळ आहे. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाज सव्वादोनशे भारतीय मजूर घेऊन त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे उसाच्या मळ्यांवर करारावर नेली गेली. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. पुष्कळांना परतता आले नाही, म्हणून त्यांनी देव तिथेच उभे केले. कारापिचायमा गावात दत्ताचे मंदिर आहे आणि त्याच्या आवारात ८५ फूट उंच हनुमान. साखळीच्या दत्तवाडीला नेमाने जाणाऱ्यांना आणखी काय हवे?

त्याहून पाहण्यासारखे आहे ते जवळच वॉटर्लूला. सिवदास साधू नावाच्या मजुराने १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर छोटे देऊळ बांधले. कंपनीने ते पाडले आणि साधूंना तुरुंगवास व दंड झाला. जमिनीवर जागा नसेल तर समुद्रात बांधू, असे म्हणून त्यांनी सायकलवरून दगड-माती वाहत पंचवीस वर्षे भर घातली. १९९५ मध्ये ते देऊळ नव्याने उभे राहिले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून आपल्या तालुक्यात नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. ही कथा ठाऊक असलेल्या माणसाला साधूंची जिद्द वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता बेत कसा आखावा? दोन दिवस पुरतात, पण यादी लहान हवी. पहिला दिवस शहराचा: सवाना हे विस्तीर्ण मैदान, त्याच्या कडेचे सात जुने वाडे आणि ओव्हल. ते क्लबचे मैदान असल्याने आत जाण्याची परवानगी आधी विचारून ठेवावी. नाश्त्याला 'डबल्स' खावे. दोन मऊ बाऱ्यांत चण्याचे तोणाक घातले की झाले डबल्स! दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेकडची दोन्ही देवळे करावीत. परतताना संध्याकाळी कारोनीच्या खारफुटीत होडीतून फिरावे. तिथे लालभडक आयबिस पक्षी थव्याथव्याने वस्तीला येतात. चोडणच्या अभयारण्याची आठवण होईल. जानेवारी ते मे हे कोरडे दिवस. कार्निव्हल पाहायचा नसेल तर तो आठवडा टाळावा, कारण तेव्हा हॉटेले महागतात.

एका गोष्टीची मात्र हयगय नको. त्रिनिदाद पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरल्यास लसीचा दाखला दाखवावा लागतो. तो नसेल तर विलगीकरणात ठेवतात. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. साठी ओलांडलेल्यांना ही लस डॉक्टर फार विचार करून देतात. म्हणून तिकिटाआधी डॉक्टरांना गाठावे, आणि त्रिनिदाद सहलीच्या शेवटी न ठेवता मध्ये ठेवावे. नंतर आठवडाभर लेकीकडे राहिले की दाखल्याचा प्रश्न मिटतो. पण ताप टाळण्याचा प्रश्न उरतोच, त्यामुळे डॉक्टरांचा शब्द अखेरचा. अमेरिकेत परत शिरायचे आहे, तेव्हा तिथला व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आणि मुदतीतला आहे ना, हेही पाहावे.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. टोळ्यांच्या गुन्हेगारीमुळे ३० डिसेंबर २०२४ रोजी आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली होती. निघण्यापूर्वी पोर्ट ऑफ स्पेनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचाव्यात, हॉटेलने ठरवून दिलेल्या गाडीनेच फिरावे आणि अंधार पडल्यावर पायी भटकू नये.

डॉक्टर लसीला नाही म्हणाले आणि त्रिनिदादही नको म्हणाले, तर हट्ट धरू नये. बार्बाडोस त्या यादीत नाही. तिथल्या ब्रिजटाऊनला १९७१ च्याच मालिकेत सरदेसाईंनी १५० धावा केल्या होत्या. तिथेच २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. काकांचे समाधान तिथेही होईल. काकींचे दत्तदर्शन तेवढे साखळीला करावे लागेल.